सी प्रोग्रॅममध्ये लुआ बसवणे आणि लुआला सी जोडणे : नवख्यांसाठी पायरीवार मार्गदर्शन

सी भाषेतील बहुतेक मोठ्या प्रोग्रॅममध्ये एक भाग असा असतो, जो सतत बदलतो: वीजबिलाचे दर, सवलतींचे नियम, अहवालांचे नमुने, खेळातील पात्रांचे वागणे. प्रत्येक बदलासाठी सी मजकूर उघडून, पुन्हा कंपाइल करून नवी आवृत्ती सगळीकडे पाठवत बसण्यापेक्षा हा चंचल भाग एखाद्या लहान भाषेत लिहावा आणि तिचा इंटरप्रिटर प्रोग्रॅमच्या पोटातच चालवावा, हा मार्ग सोयीचा ठरतो. याला इंटरप्रिटर बसवणे म्हणतात. याच्या उलट दिशेचे कामही असते: स्क्रिप्ट आधीच लुआत लिहिलेली असते आणि तिला सी मधील एखादी वेगवान किंवा जुनी लायब्ररी वापरायची असते. ते भाषेचा विस्तार करणे झाले. लुआमध्ये ही दोन्ही कामे एकाच सी इंटरफेसने होतात, त्यामुळे एक शिकले की दुसऱ्याचा बराचसा भाग आपोआप समजतो.

लुआ ही भाषा १९९३ साली रिओ दि जानेरो येथील पीयूसी-रिओ विद्यापीठाच्या टेकग्राफ या गटात जन्मली. रॉबर्तो येरुझालिम्स्की, लुइझ एनरिके दि फिगेरेदो आणि वाल्देमार सेलेस हे तिचे कर्ते. पेट्रोब्रास या तेल कंपनीतील, प्रोग्रॅमिंग हा व्यवसाय नसलेल्या अभियंत्यांना वापरता याव्यात अशा दोन छोट्या भाषांच्या अनुभवातून ती घडली. म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये बसणे हे तिचे मूळचेच काम आहे, आणि तिचा सी इंटरफेस इतका आटोपशीर असण्याचे कारणही तेच आहे.

हा लेख लुआ ५.४ ला धरून लिहिला आहे. फंक्शनांची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. हेडर फाइलीत ती रोमन लिपीत सापडतील. ‘लुआ_’ ने सुरू होणारी फंक्शने गाभ्यातील आहेत, तर ‘लुआएल_’ ने सुरू होणारी साहाय्यक लायब्ररीतील आहेत आणि त्यांतील ‘एल’ मोठ्या लिपीतला असतो. हा फरक लहान दिसला तरी तो चुकला की लिंकर नाव सापडत नसल्याची तक्रार करतो.

आधी जमवायच्या गोष्टी

- सी कंपायलर, म्हणजे जीसीसी किंवा क्लँग, आणि मेक.
- लुआ ५.४ चा मूळ सोर्स. डेबियन किंवा उबुंटूवर तयार पॅकेज मिळते. मात्र केवळ इंटरप्रिटरचे पॅकेज पुरत नाही, हेडर फाइलींसाठी ‘डेव्ह’ हे पॅकेजही घ्यावे लागते.
- लुआ ५.४ ची संदर्भपुस्तिका. ती ऑनलाइन विनामूल्य आहे आणि तिचे चौथे व पाचवे प्रकरण सतत उघडे ठेवावे लागते.
- मेमरीच्या चुका पकडणारे साधन: ॲड्रेस सॅनिटायझर किंवा व्हॅलग्रिंड.
- सी मधील पॉइंटर, स्ट्रक्ट आणि फंक्शन पॉइंटर यांची सवय. लुआ भाषा फारशी आली नाही तरी चालेल; ती दोन-तीन दिवसांत कामापुरती येते.

१. आवृत्ती ठरवा

सर्वांत आधी हे ठरवा, कारण मागाहून बदलणे त्रासाचे असते. तुमचा स्वतःचा सी प्रोग्रॅम असेल तर ५.४ घ्यावी. पण तुम्ही एखाद्या आधीच असलेल्या प्रोग्रॅमसाठी विस्तार लिहीत असाल, तर निवड तुमच्या हातात नसते. रेडिस या डेटाबेसमध्ये ५.१ आहे. निओव्हिम हा संपादक आणि ओपनरेस्टी हा वेब सर्व्हर लुआजिट, म्हणजे लुआचा वेगळा, वेगवान इंटरप्रिटर, वापरतात, आणि लुआजिटचा सी इंटरफेस ५.१ चाच आहे. ५.१ ही २००६ सालची, ५.२ ही २०११ ची, ५.३ ही २०१५ ची आणि ५.४ ही २०२० ची आवृत्ती आहे. यांपैकी एकीसाठी कंपाइल केलेले मॉड्यूल दुसरीत चालत नाही; ते पुन्हा कंपाइल करावेच लागते आणि कधीकधी सोर्सही बदलावा लागतो. इंटरनेटवरील अनेक नमुने अजूनही ५.१ चे आहेत. त्यांत लुआएल_रजिस्टर दिसले की समजावे, की तो नमुना जुना आहे आणि आता त्याच्या जागी लुआएल_न्यूलिब किंवा लुआएल_सेटफंक्स वापरायचे आहे.

२. स्वतः कंपाइल करा आणि जोडून पाहा

तयार पॅकेज असले तरी निदान शिकताना लुआ सोर्सपासून कंपाइल करावी. संपूर्ण सोर्स लहान आहे, बाहेरच्या कोणत्याही लायब्ररीवर तो अवलंबून नाही आणि काही सेकंदांत तयार होतो. याचा खरा फायदा असा, की कंपाइल करताना ‘लुआ_यूज_एपीआयचेक’ हा मॅक्रो चालू करता येतो. एरवी सी इंटरफेस कोणतीच चूक तपासत नाही: स्टॅकवर नसलेली जागा मागितली, तर तो गुपचूप भलतेच काहीतरी देतो. हा मॅक्रो चालू असेल तर अशी चूक झाल्या जागी प्रोग्रॅम थांबतो. शिकणाऱ्याने तो पहिल्या दिवसापासून चालू ठेवावा.

जोडणी करताना लुआची स्थिर लायब्ररी, तिच्यानंतर गणिताची लायब्ररी आणि लिनक्सवर डायनॅमिक लोडिंगची लायब्ररी द्यावी. क्रम महत्त्वाचा आहे: तुमच्या ऑब्जेक्ट फाइली आधी, लायब्ररी नंतर. तुमचा प्रोग्रॅम पुढे सी मध्ये लिहिलेली मॉड्यूले ‘रिक्वायर’ने उचलणार असेल, तर लिनक्सवर लिंकरला ‘एक्सपोर्ट डायनॅमिक’ हा पर्याय द्यायला विसरू नका. तो नसेल तर प्रोग्रॅम निर्धोक कंपाइल होतो, चालतोही, आणि पहिले मॉड्यूल उचलताना ‘अनडिफाइन्ड सिम्बॉल’ म्हणून अडतो.

प्रोग्रॅम सी++ मध्ये आणि लुआ सी म्हणून कंपाइल केलेली असेल तर साध्या हेडरऐवजी ‘लुआ.एचपीपी’ घ्यावी. सी म्हणून कंपाइल केलेली लुआ एरर आल्यावर ‘लाँगजंप’ मारते, आणि त्या उडीत सी++ चे डिस्ट्रक्टर चालतील याची हमी नसते. लुआच सी++ म्हणून कंपाइल केली तर ती उडीच्या जागी एक्सेप्शन वापरते. सी++ वाल्यांनी हा निर्णय आरंभीच घ्यावा.

३. स्टॅक समजून घ्या

सगळा इंटरफेस एका निर्णयावर उभा आहे: लुआतील टेबलाचा (किल्ली-मूल्यांच्या जोड्या ठेवणाऱ्या रचनेचा) किंवा फंक्शनाचा पॉइंटर सी ला कधीही दिला जात नाही. पायथनच्या सी इंटरफेसमध्ये प्रत्येक वस्तूचा पॉइंटर हाती येतो आणि त्याबरोबर तिचे संदर्भ मोजण्याची जबाबदारीही येते. लुआने ही जबाबदारीच काढून टाकली आहे. देवाणघेवाण एका स्टॅकवरून होते, रेशन दुकानाच्या खिडकीसारखी: माल खिडकीत ठेवायचा आणि खिडकीतून उचलायचा, गोदामात कोणी शिरायचे नाही. स्टॅकवर जोवर एखादी वस्तू आहे, तोवर गार्बेज कलेक्टर, म्हणजे नको असलेली मेमरी आपोआप मोकळी करणारा भाग, तिला हात लावत नाही.

या नियमाला तीन अपवाद आहेत. स्ट्रिंगमधील मजकुराचा पत्ता, यूजरडेटा या मेमरीच्या तुकड्याचा पत्ता आणि कोरूटीनचा (मध्येच थांबून पुन्हा पुढे चालणाऱ्या फंक्शनाचा) स्टेट पॉइंटर, या तीन गोष्टी सी च्या हाती पडतात. नवख्यांना भोवणारे बरेचसे क्रॅश या तीन ठिकाणी होतात, म्हणून पुढे प्रत्येकाविषयी स्वतंत्रपणे लिहिले आहे.

स्टॅकवरील जागा दोन प्रकारे मोजतात: तळापासून १, २, ३ आणि शेंड्यापासून उणे १, उणे २. लुआ तुमच्या सी फंक्शनाला बोलावते तेव्हा २० जागा मोकळ्या असल्याची हमी असते. त्याहून जास्त लागणार असतील, विशेषतः लूपमध्ये काही ढकलत असाल, तर लुआएल_चेकस्टॅक आधी बोलावा. स्टॅक आपोआप वाढत नाही.

संदर्भपुस्तिकेत प्रत्येक फंक्शनाच्या नावाशेजारी चौकटी कंसात तीन खुणा असतात: ते किती मूल्ये काढते, किती ठेवते आणि एरर उचलू शकते की नाही. तिसऱ्या जागी उणे चिन्ह असेल तर एरर येणार नाही, ‘एम’ असेल तर फक्त मेमरी संपल्याची येईल, ‘व्ही’ असेल तर वर्णनात दिलेली येईल आणि ‘ई’ असेल तर कोणतीही येऊ शकेल, कारण ते फंक्शन मेटामेथडमार्फत (एखाद्या वस्तूचे वागणे बदलण्यासाठी तिला जोडलेल्या फंक्शनामार्फत) लुआचा मजकूर चालवू शकते. माझ्या मते या इंटरफेसवर लिहिलेल्या कोणत्याही लांबलचक लेखापेक्षा, या लेखासकट, त्या तीन खुणा अधिक उपयोगी आहेत.

४. पहिली स्क्रिप्ट चालवा

एक नमुना धरू. सी प्रोग्रॅमकडे ग्राहकाचा वर्ग आणि वापरलेली युनिटे आहेत. रक्कम काढण्याचा नियम मात्र लुआ स्क्रिप्टमधील ‘हिशेब’ नावाच्या फंक्शनात आहे, आणि ते फंक्शन पैशांत रक्कम व एक शेरा अशी दोन मूल्ये परत देते. कामाचा क्रम असा:

1. लुआएल_न्यूस्टेटने नवा स्टेट (इंटरप्रिटरची एक स्वतंत्र प्रत) घ्या आणि तो नल नाही ना, हे पाहा.
2. लुआएल_ओपनलिब्सने प्रमाण लायब्ररी उघडा. स्क्रिप्ट परक्याची असेल तर ही पायरी वगळून थेट पायरी ९ वाचा.
3. लुआएल_लोडफाइलने फाइल वाचा. यात ती केवळ कंपाइल होऊन एक फंक्शन म्हणून स्टॅकवर येते, चालत नाही.
4. लुआ_पीकॉल या संरक्षित कॉलने, म्हणजे एरर आली तर ती पकडून परत देणाऱ्या कॉलने, ते चालवा. आता कुठे ‘हिशेब’ हे नाव जन्माला येते.
5. एरर-हँडलर ढकला, लुआ_गेटग्लोबलने ‘हिशेब’ आणा, दोन आर्ग्युमेंटे ढकला आणि पुन्हा लुआ_पीकॉल करा.
6. निकाल वाचा, स्टॅक पूर्वीच्या उंचीवर आणा आणि सगळे काम संपल्यावर लुआ_क्लोज करा.

तिसरी आणि चौथी पायरी एकच समजणे हा नवख्यांचा ठरलेला घोटाळा आहे. फाइल लोड झाली, एररही आली नाही, तरी ‘हिशेब’ निल (लुआतील रिकामे मूल्य) का, असे विचारणाऱ्या प्रश्नांचे उत्तर जवळजवळ नेहमी चौथी पायरी हेच असते.

पाचव्या पायरीत लुआ_पीकॉलच्या आधी आणि नंतर स्टॅक असा दिसतो:

आधी
१ : एरर-हँडलर
२ : हिशेब हे फंक्शन
३ : ‘घरगुती’ ही स्ट्रिंग
४ : १२४ हा पूर्णांक

नंतर, सर्व ठीक झाल्यास
१ : एरर-हँडलर
२ : रक्कम
३ : शेरा

नंतर, एरर आल्यास
१ : एरर-हँडलर
२ : एररची वस्तू

लुआ_पीकॉलला आर्ग्युमेंटे २, निकाल २ आणि हँडलरची जागा १ असे आकडे द्यायचे. स्क्रिप्टने एकच मूल्य परत केले तरी दुसऱ्या जागी निल भरून मिळते, तीन दिली तर तिसरे गळून पडते. उलट, निकालांची संख्या ठाऊक नसेल तर ‘लुआ_मल्टरेट’ द्यावे आणि नंतर लुआ_गेटटॉपने मोजावे.

निकाल वाचताना लुआ_टूइंटिजर टाळा. मूल्य पूर्णांकात बदलता आले नाही तर ते शून्य देते, आणि शून्य रुपयांचे बिल हे चुकीच्या बिलापेक्षा जास्त काळ लपून राहते. त्याऐवजी लुआ_टूइंटिजरएक्स वापरा. ते रूपांतर झाले की नाही हे वेगळ्या झेंड्याने सांगते. पैशांचा हिशेब पूर्णांकातच ठेवावा: ५.४ चा पूर्णांक सहसा ६४ बिटांचा असतो, त्यामुळे दशांश अपूर्णांकांच्या गोलाकारणाचा प्रश्नच उरत नाही.

५. एररची वाट आखून ठेवा

संरक्षित कॉलच्या बाहेर एरर उठली तर लुआ ‘पॅनिक’ फंक्शन बोलावते आणि त्यानंतर अबॉर्ट करते, म्हणजे तुमचा सगळा प्रोग्रॅम जातो. लुआ_गेटग्लोबलसारखे साळसूद दिसणारे फंक्शनही मेटामेथडमुळे एरर उचलू शकते, हे वरच्या ‘ई’ खुणेवरून ध्यानात येईल. म्हणून प्रत्येक कॉल वेगळा जपत बसण्यापेक्षा लुआशी संबंधित सगळे काम एका सी फंक्शनात घालावे आणि ते फंक्शनच लुआ_पीकॉलने चालवावे. लुआच्या स्वतःच्या इंटरप्रिटरची ‘लुआ.सी’ ही फाइल नेमके असेच करते. ती काही शे ओळींची आहे आणि नमुना म्हणून तिच्याइतकी चांगली दुसरी मिळणार नाही.

हँडलर म्हणून लुआएल_ट्रेसबॅक बोलावणारे लहान सी फंक्शन द्यावे. लुआ_पीकॉल परत येईपर्यंत कॉलची साखळी उलगडून गेलेली असते, त्यामुळे एरर कोणत्या ओळीतून कोणत्या ओळीत आली ते नंतर विचारून उपयोग नसतो; हँडलर मात्र ती शाबूत असताना चालतो.

आणखी एक सापळा. एररची वस्तू स्ट्रिंगच असेल असे नाही. स्क्रिप्टने टेबल देऊन एरर उचलली, तर लुआ_टूस्ट्रिंग नल परत देते आणि तो नल तसाच प्रिंटएफला दिला की एरर छापतानाच प्रोग्रॅम कोसळू शकतो. लुआएल_टूएलस्ट्रिंग कोणत्याही वस्तूचे छापण्याजोगे रूप देते. मात्र ते मेटामेथड चालवू शकते, म्हणून ते हँडलरच्या आतच वापरावे.

६. स्ट्रिंगा हाताळा, मराठी मजकुरासह

हा पहिला अपवाद. लुआ_टूएलस्ट्रिंगने मिळालेला पत्ता ती स्ट्रिंग स्टॅकवर असेपर्यंतच भरवशाचा असतो. स्टॅकवरून काढली, की तो पत्ता पुढच्या गार्बेज फेरीपर्यंत बहुधा बरोबर चालतो आणि नेमका म्हणूनच धोकादायक ठरतो: चाचणीत सगळे नीट दिसते, प्रत्यक्ष वापरात महिन्याने भलताच मजकूर छापला जातो. मजकूर पुढे हवा असेल तर काढण्यापूर्वी त्याची प्रत करून घ्या. त्या पत्त्यावरील मजकूर बदलण्याचा मोह मात्र कधीच धरू नका, लुआच्या स्ट्रिंगा अपरिवर्तनीय असतात.

लुआ_टूएलस्ट्रिंगची दुसरी खोड अशी, की स्टॅकवर संख्या असेल तर ते ती संख्या जागच्या जागी स्ट्रिंगमध्ये बदलते. लुआ_नेक्स्टने टेबल फिरताना किल्लीवर हे फंक्शन वापरले तर किल्लीच बदलते आणि पुढचा फेरा गोंधळतो. किल्ली छापायची असेल तर आधी लुआ_पुशव्हॅल्यूने तिची प्रत स्टॅकवर घ्या आणि त्या प्रतीवर काम करा.

देवनागरीसाठी दोन-तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. लुआची स्ट्रिंग म्हणजे बाइटांची ओळ. तिच्यात मध्ये शून्य बाइटही असू शकते, म्हणून लांबी नेहमी बरोबर घ्यावी. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, त्यामुळे ‘क्षत्रिय’ या शब्दाची लांबी लुआ २४ सांगते, यूटीएफ-८ लायब्ररी ८ सांगते आणि मराठी वाचक ३ अक्षरे मोजतो. स्क्रिप्टमधील चलांची नावे नेहमीच्या बांधणीत रोमन अक्षरे, अंक आणि अंडरस्कोअर यांतच असावी लागतात. अवतरणातील मजकूर आणि टेबलाच्या अवतरणातील किल्ल्या मात्र बेलाशक मराठीत ठेवा. आणि विंडोजवरील काही संपादक फाइलीच्या आरंभी बीओएम ही अदृश्य खूण घालतात: लुआएल_लोडफाइल ती ओलांडते, पण तुम्ही फाइल स्वतः वाचून लुआएल_लोडबफरला दिली तर पहिल्याच ओळीवर वाक्यरचनेची एरर येते आणि डोळ्यांना काहीच चूक दिसत नाही.

७. स्वतःचे मॉड्यूल लिहा

आता उलटी दिशा. वरची अक्षरे मोजण्याची गरज खरीच आहे, तेव्हा तेच काम सी मध्ये करून ‘अक्षर’ या नावाने लुआला देऊ.

लुआला देण्याच्या प्रत्येक सी फंक्शनाचे रूप ठरलेले आहे: ते लुआ स्टेटचा पॉइंटर घेते आणि एक पूर्णांक परत देते. तो पूर्णांक म्हणजे निकाल नव्हे, तर स्टॅकच्या शेंड्यावरील किती मूल्ये निकाल म्हणून घ्यायची ती संख्या. आपल्या फंक्शनात लुआएल_चेकएलस्ट्रिंगने पहिले आर्ग्युमेंट घ्यायचे, मात्रा, अनुस्वार आणि विसर्ग न मोजता व हलन्तानंतरचे व्यंजन आधीच्या अक्षरात धरून मोजणी करायची, लुआ_पुशइंटिजरने उत्तर ठेवायचे आणि १ परत करायचे. येथे सवयीने मोजणीच परत केली तर लुआ स्टॅकवरून तितकी मूल्ये उचलू पाहील.

लुआएल_चेक कुटुंबातील फंक्शने चुकीच्या आर्ग्युमेंटावर स्वतःच नीट संदेशाची एरर उचलतात. ती उडी असल्याने त्यांच्यानंतरच्या ओळी चालतच नाहीत. म्हणून सर्व तपासण्या फंक्शनाच्या आरंभी कराव्यात आणि मालॉक त्यांच्यानंतर. शक्य तिथे मालॉक टाळावाच. तात्पुरती जागा हवी असेल तर लुआ_न्यूयूजरडेटायूव्हीने घ्या, ती गार्बेज कलेक्टर आवरतो. मजकूर जुळवायचा असेल तर लुआएल_बफर वापरा, पण तो चालू असताना स्टॅकच्या शेंड्यावर काय आहे याविषयी काहीही गृहीत धरू नका, कारण तो स्वतः तेथे आपला पसारा मांडू शकतो.

मॉड्यूल उघडणाऱ्या फंक्शनाचे नाव ‘लुआओपन_’ आणि पुढे मॉड्यूलचे नाव असे असावे लागते; नावात बिंदू असेल तर त्याच्या जागी अंडरस्कोअर येतो. त्यात लुआएल_न्यूलिबने फंक्शनांचे टेबल करून १ परत द्यायचे. फंक्शनांच्या यादीच्या शेवटी नल-नल अशी जोडी हवीच. ती विसरली तर लुआ पुढची मेमरी फंक्शने समजून वाचत सुटते.

मॉड्यूल लिनक्सवर ‘एसओ’, विंडोजवर ‘डीएलएल’ म्हणून बांधा. लिनक्स आणि मॅकवर मॉड्यूलमध्ये लुआची स्थिर लायब्ररी जोडू नका. ती चिन्हे मुख्य प्रोग्रॅमकडून मिळायची असतात. मॅकवर त्यासाठी ‘अनडिफाइन्ड डायनॅमिक लुकअप’ हा पर्याय लागतो. जोडलीत, तर एकाच प्रक्रियेत इंटरप्रिटरच्या दोन प्रती येतात आणि मग होणारे बिघाड कोणत्याच ओळीशी जुळत नाहीत. विंडोजवर मात्र लुआचीच डीएलएल मुख्य प्रोग्रॅमने आणि मॉड्यूलने, दोघांनी वापरावी. फाइल ‘पॅकेज.सीपाथ’मधील वाटांवर असली पाहिजे.

८. यूजरडेटा आणि कॉलबॅक

दुसरा अपवाद. मीटरचे जोडणी-हँडल, उघडी फाइल, डेटाबेसची जोडणी अशी सी ची वस्तू लुआला द्यायची, तर तिचा पॉइंटर यूजरडेटात गुंडाळून त्याला मेटाटेबल, म्हणजे मेटामेथड ठेवणारे टेबल, लावतात. येथे क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी यूजरडेटा तयार करा, त्यातील पॉइंटर नल करा, मेटाटेबल लावा आणि सर्वांत शेवटी खरी वस्तू उघडा. वस्तू आधी उघडली आणि नंतर यूजरडेटासाठी मेमरी मिळाली नाही, तर एररची उडी ती उघडी वस्तू तशीच टाकून निघून जाते आणि ती बंद करणारे कोणी उरत नाही.

‘जीसी’ मेटामेथड, म्हणजे वस्तू शेवटी आवरणारे फंक्शन, मेटाटेबलमध्ये आधी असली पाहिजे आणि मग ते टेबल लावले पाहिजे. लुआ मेटाटेबल लावतानाच पाहते की या वस्तूला शेवटी आवरायचे आहे का. नंतर घातलेली ‘जीसी’ त्या वस्तूला लागू होत नाही. आवरणारे फंक्शन दोनदा चालले तरी चालेल असे लिहा: पॉइंटर नल नसेल तरच बंद करायचे आणि लगेच नल करायचा. गार्बेज कलेक्टर केव्हा येईल याचा भरवसा नसल्याने वेगळे ‘बंद’ फंक्शनही द्यावे, आणि ५.४ मध्ये ‘क्लोज’ मेटामेथडही द्यावी. प्रत्येक फंक्शनात लुआएल_चेकयूडेटाने प्रकार तपासा. मेटाटेबलांची नावे रजिस्ट्रीत, म्हणजे सी साठी राखलेल्या लुआच्या एका टेबलात, सगळ्या मॉड्यूलांना सामाईक असतात, म्हणून ‘फाइल’ वा ‘हँडल’ असे उघडे नाव न देता मॉड्यूलचे नाव पुढे जोडा.

लुआचे फंक्शन पुढे कधीतरी बोलावण्यासाठी सी कडे ठेवायचे असेल, तर पॉइंटर मिळतच नाही. ते लुआएल_रेफने रजिस्ट्रीत ठेवून मिळालेला पूर्णांक जपावा, लागेल तेव्हा लुआ_रॉगेटआयने परत आणावे आणि गरज संपली की लुआएल_अनरेफ करावे.

आणि येथेच तिसरा अपवाद गाठतो. कॉलबॅक नोंदवताना सोबत स्टेटचा पॉइंटरही जपून ठेवला जातो, पण नोंदणी एखाद्या कोरूटीनमधून झाली असेल तर तो पॉइंटर त्या कोरूटीनचा असतो. कोरूटीन संपून गार्बेजमध्ये गेले की पुढचा कॉलबॅक मेलेल्या पत्त्यावर पडतो. उपाय सोपा आहे: रजिस्ट्रीतील ‘लुआ_आरआयडीएक्स_मेनथ्रेड’ या जागेवरून मुख्य स्टेट घ्या आणि तोच जपा. वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिम थ्रेडमधून मात्र एकच स्टेट एकाच वेळी कधीच वापरू नका. प्रत्येक थ्रेडला स्वतंत्र स्टेट द्या.

९. परक्या स्क्रिप्टला कुंपण घाला

स्क्रिप्ट ग्राहकाने किंवा अनोळखी व्यक्तीने लिहिलेली असेल तर लुआएल_ओपनलिब्स नको. लुआएल_रिक्वायरएफने मूलभूत, गणित, स्ट्रिंग, टेबल एवढ्याच लायब्ररी उघडा, आणि मूलभूत लायब्ररीतील ‘डूफाइल’, ‘लोडफाइल’ आणि ‘लोड’ काढून टाका. मजकूर लोड करताना लुआएल_लोडबफरएक्सला ‘टी’ ही पद्धत द्या, म्हणजे केवळ साधा मजकूर स्वीकारला जाईल. मुद्दाम बिघडवलेला बायनरी चंक, म्हणजे आधीच कंपाइल केलेली स्क्रिप्ट, इंटरप्रिटर पाडू शकतो आणि लुआ तो तपासत नाही.

मेमरीला मर्यादा घालण्यासाठी लुआ_न्यूस्टेटला स्वतःचा ॲलोकेटर द्यावा. मर्यादा ओलांडली की त्याने नल द्यायचा, मग लुआ आधी गार्बेज गोळा करून पाहते आणि तरीही न भागल्यास मेमरीची एरर उचलते. अनंत लूप तोडण्यासाठी लुआ_सेटहुकने ठरावीक सूचनांनंतर चालणारा हुक लावून त्यातून एरर उचला. पण या हुकवर पूर्ण विसंबू नका. स्क्रिप्ट ती एरर ‘पीकॉल’ने गिळू शकते, म्हणून मुदत संपल्यावर हुकने दर वेळी एरर उचलत राहावे, शिवाय हुक सी फंक्शनाच्या आत चालत नाही, त्यामुळे स्ट्रिंग लायब्ररीतील एखादा वाकडा पॅटर्न बराच वेळ अडवून ठेवू शकतो. खरोखर शत्रू समजावे अशा स्क्रिप्टसाठी वेगळी प्रक्रिया चालवून तिला ऑपरेटिंग सिस्टिमच्या मर्यादा लावणे, हेच मला योग्य वाटते.

१०. चाचणी

चाचणीच्या बांधणीत तीन गोष्टी चालू ठेवा: एपीआय तपासणीचा मॅक्रो, ॲड्रेस सॅनिटायझर, आणि आपल्या प्रत्येक सी फंक्शनानंतर लुआ_जीसीने पूर्ण गार्बेज फेरी. तिसरीमुळे चाचण्या मंदावतात, पण पायरी ६ मधील लपून बसणारे शिळे पत्ते लगेच उघडे पडतात.

सी मधून लुआला बोलावणाऱ्या प्रत्येक फंक्शनाच्या आरंभी लुआ_गेटटॉपने उंची टिपून शेवटी ती तेवढीच असल्याचे असर्टने पाहा. लूपमध्ये दर फेरीला एक मूल्य मागे राहत असेल, तर प्रोग्रॅम तासन्‌तास बरा चालतो आणि मग स्टॅकची जागा संपवून कोसळतो. स्टॅकवरील प्रत्येक जागेचा प्रकार छापणारे दहा-बारा ओळींचे फंक्शन लिहून हाताशी ठेवा. लुआ_टाइपनेम आणि लुआ_टाइप एवढ्यावर ते होते. त्यात लुआ_टूस्ट्रिंग फक्त मूल्य स्ट्रिंग असेल तरच वापरा, नाहीतर तपासणी करणारे फंक्शनच स्टॅकवरील संख्यांच्या स्ट्रिंगा करून ठेवेल.